औषधालयाच्या नावाने जाणारी ई-सूचना : प्रामाण्य, रचना व पथ्यापथ्य

प्रस्तावना

चिकित्सालय व औषधालय यांच्या व्यवहारात ई-मेलचा प्रवेश आता नवा राहिलेला नाही. रुग्णाने औषधाची मागणी नोंदविली, पैसे भरले, औषध कुरिअरने रवाना झाले, पुनःपरीक्षणाची तारीख जवळ आली, अशा प्रत्येक प्रसंगी बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून आपोआप एक पत्र रुग्णाकडे जाते. प्रस्तुत लेखात अशा आपोआप जाणाऱ्या पत्रास 'ई-सूचना' असे म्हटले आहे. बहुतेक वैद्यबंधू-भगिनी व औषधालयचालक हे काम सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या तंत्रज्ञावर सोपवून मोकळे होतात. आम्हीही अनेक वर्षे तेच केले. मात्र पुढे दिलेले दोन अनुभव आल्यानंतर हा विषय केवळ तंत्राचा नसून वैद्यधर्माचा आहे, हे आमच्या ध्यानी आले. त्यानंतर आम्ही जे शिकलो व आपल्या औषधालयात जे बदल केले, ते क्रमाने मांडणे हा या लेखाचा हेतू आहे.

अनुभव पहिला. एका मध्यमवयीन रुग्णास आम्ही गुग्गुळकल्प दिला होता. औषध सुरू केल्यावर चौथ्या दिवशी त्यांच्या अंगावर पुरळ उठले. त्यांनी औषध रवाना झाल्याची जी सूचना मिळाली होती, तिलाच उत्तर म्हणून आपली तक्रार सविस्तर लिहून पाठविली. सदर सूचनेवर नाव आमच्या औषधालयाचे होते. पत्ता मात्र सॉफ्टवेअर सेवेचा होता आणि त्यावर आलेली उत्तरे कोणीही वाचीत नसे. अकराव्या दिवशी रुग्ण स्वतः चिकित्सालयात आले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "वैद्य, मी लिहून कळवले, तरी तुम्ही काहीच का बोलला नाहीत?" तोवर ते औषध घेतच राहिले होते. पुरळ पुढे शमले. पण त्या अकरा दिवसांची जबाबदारी आमचीच होती.

अनुभव दुसरा. एका भगिनीस आम्ही फलघृत दिले होते. उपचार सुरू असल्याचे त्यांनी घरात कोणास सांगितलेले नव्हते. नोंदणीच्या वेळी त्यांनी जो ई-मेल पत्ता दिला, तो कुटुंबाच्या दुकानाचा होता व दुकानातील संगणकावर तो दिवसभर उघडा असे. आमच्या प्रणालीने 'आपले फलघृत रवाना झाले आहे' असा विषय लिहून सूचना पाठविली. ती कोणी वाचली, पुढे घरात काय बोलणे झाले, हे आम्हांस कळले ते सहा महिन्यांनी, आणि तेही त्यांनी उपचार सोडल्यानंतर.

पहिल्या प्रसंगी नाव आपले होते, पण पत्ता आपला नव्हता. दुसऱ्या प्रसंगी पत्र योग्य ठिकाणी पोहोचले, पण त्यातील मजकूर विचार न करता लिहिलेला होता. ई-सूचनेच्या मांडणीत हे दोन्ही दोष टाळणे एवढाच या लेखाचा विषय आहे. बोधचिन्ह, रंग, सजावट या गोष्टी त्यानंतरच्या होत.

नाव व पत्ता यांतील भेद

ई-मेल पाठविण्याची जी मूळ पद्धती आजही वापरात आहे, ती १९८२ साली प्रमाणित झाली. तिला एसएमटीपी असे म्हणतात. त्या काळी ही व्यवस्था परस्परांना ओळखणाऱ्या थोड्या संस्थांपुरती मर्यादित असल्यामुळे पाठविणारा खरोखर तोच आहे काय, हे पडताळण्याची सोय तीत ठेवलेली नव्हती. टपालातील पत्राचे उदाहरण घेतल्यास हे सहज समजते. पाकिटावर पाठविणाऱ्याचा एक पत्ता असतो आणि आतील लेटरहेडवर दुसरे नाव छापलेले असू शकते. पोस्टमन दोहोंचा मेळ घालून पाहत नाही. ई-मेलमध्येही पाकिटावरचा पत्ता निराळा व वाचणाऱ्यास दिसणारे नाव निराळे असू शकते.

यातून तीन अडचणी संभवतात. पहिली, आमच्या अनुभवाप्रमाणे रुग्णाचे उत्तर भलत्याच ठिकाणी जाते. दुसरी, कोणीही लबाड मनुष्य आपल्या औषधालयाचे नाव लिहून रुग्णांकडे पत्रे पाठवू शकतो; 'पंचकर्मासाठी आगाऊ रक्कम या दुव्यावर भरावी' असे खोटे पत्र रचण्यास फारसे कौशल्य लागत नाही. तिसरी, नाव एकाचे व पत्ता दुसऱ्याचा असे पत्र दिसताच रुग्णाची ई-मेल सेवा ते संशयित पत्रांच्या, म्हणजे स्पॅमच्या, कप्प्यात टाकते. उद्या एखाद्या बॅचमध्ये दोष आढळून ती परत मागविण्याची वेळ आली, तर ती सूचना स्पॅममध्ये पडून राहणे कोणासही परवडणारे नाही.

म्हणून पहिली गरज ही की, सूचना आपल्या स्वतःच्या डोमेनवरून जावी. डोमेन म्हणजे ई-मेल पत्त्यातील 'ॲट' या चिन्हानंतरचा भाग. 'जीमेल डॉट कॉम' हा पत्ता आपला असला तरी ते डोमेन आपले नव्हे. शिवाय साध्या जीमेल खात्यातून दिवसाला पाचशे व्यक्तींपर्यंतच पत्रे पाठविता येतात. औषधालयाच्या नावाचे स्वतंत्र डोमेन वार्षिक शुल्क भरून घेता येते. ते घेताना एक दक्षता अवश्य पाळावी. नोंदणी औषधालयाच्या किंवा मालकाच्या नावे असावी, संकेतस्थळ करून देणाऱ्याच्या नावे नसावी. नूतनीकरणाची तारीख परवान्याच्या तारखेइतक्याच काळजीने नोंदवून ठेवावी. मुदत संपून डोमेन दुसऱ्याच्या हाती गेले, तर रुग्णांची पत्रेही त्याच्याच हाती जातात.

तीन प्रमाणे

पत्र खरोखर आपलेच आहे, हे रुग्णाच्या ई-मेल सेवेस पटावे यासाठी आज तीन व्यवस्था प्रचलित आहेत. नावे परकी असली तरी कल्पना कठीण नाहीत. औषधाची पेटी रुग्णाकडे पाठविण्याच्या दृष्टांताने त्या पाहू.

१) एसपीएफ. आपल्या वतीने पेटी कोणी पोहोचवावी, याची ही जाहीर यादी होय. आपल्या डोमेनच्या नोंदवहीत, म्हणजे डीएनएसमध्ये, 'या अमुक सर्व्हरांनाच आमच्या नावे पत्र पाठविण्याचा अधिकार आहे' अशी एक ओळ लिहिलेली असते. एका डोमेनसाठी अशी एकच ओळ असावी. दोन निरनिराळ्या सेवांसाठी दोन ओळी लिहिल्या, तर दोन्ही निरुपयोगी ठरतात. दोन्ही सेवांची नावे एकाच ओळीत गुंफावी लागतात. या ओळीतून पुढे करावयाच्या शोधांची संख्याही दहापर्यंत मर्यादित आहे, म्हणून न वापरातल्या सेवांची नावे त्यातून काढून टाकावीत.

२) डीकेआयएम. ही पेटीवरील लाखेची मुद्रा होय. पत्र निघताना सर्व्हर आपल्या गुप्त किल्लीने त्यावर एक अंकीय सही करतो. त्या किल्लीची जाहीर जोडकिल्ली डीएनएसमध्ये ठेवलेली असते. पोहोचलेल्या पत्राची सही जुळली, तर पत्र अधिकृत ठिकाणाहून निघाले व वाटेत त्यात बदल झाला नाही, ही दोन्ही गोष्टी सिद्ध होतात. रुग्णाने एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर पत्रे वळती केलेली असली, तर एसपीएफची तपासणी बहुधा फसते. डीकेआयएमची मुद्रा मात्र मजकूर न बदलल्यास टिकते. यासाठी २०४८ बिटांची किल्ली घ्यावी.

३) डीमार्क. वरील तपासणीत पत्र नापास झाले तर काय करावे, याची रुग्णाच्या ई-मेल सेवेस दिलेली ही आज्ञा होय. तिचे तीन प्रकार आहेत. 'नन' म्हणजे काही करू नये, केवळ अहवाल पाठवावा. 'क्वारंटाइन' म्हणजे संशयित कप्प्यात ठेवावे. आणि 'रिजेक्ट' म्हणजे परत लावावे. डीमार्कचे दुसरे काम अधिक महत्त्वाचे आहे. वाचणाऱ्यास दिसणाऱ्या पत्त्यातील डोमेन आणि एसपीएफ किंवा डीकेआयएमने सिद्ध केलेले डोमेन यांचा मेळ ते पाहते.

हा मेळ नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण बहुसंख्य औषधालये येथेच चुकतात. सॉफ्टवेअर सेवा आपले पत्र स्वतःच्या पाकिटात घालून पाठविते व त्या पाकिटापुरती एसपीएफ तपासणी उत्तीर्णही होते. परंतु ते प्रामाण्य त्या सेवेच्या डोमेनचे असते, आपल्या नव्हे. नाव आपले व मुद्रा दुसऱ्याची, असा तो प्रकार होतो. यासाठी आपल्या डोमेनची डीकेआयएम मुद्रा त्या सेवेकडून उमटवून घेणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

या तीन गोष्टी आता ऐच्छिक राहिलेल्या नाहीत. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल व याहू यांनी पाठविणाऱ्यांसाठी प्रामाण्याचे नियम लागू केले. जीमेल खात्यांकडे पत्रे पाठविणाऱ्या प्रत्येकास एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी आवश्यक आहे. दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे पाठविणाऱ्यांस तिन्ही आवश्यक आहेत. मायक्रोसॉफ्टनेही मे २०२५ पासून मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठविणाऱ्यांना तसेच नियम लावले. आपल्यापैकी फारच थोड्या औषधालयांची पत्रे पाच हजारांवर जात असतील. तरीही पाच हजारांची वाट न पाहता तिन्ही व्यवस्था पूर्ण करणे शहाणपणाचे आहे.

प्रत्यक्ष कृती

पुढील क्रम आम्ही आमच्या औषधालयात अनुसरला. तंत्रज्ञाकडून काम करून घेतले तरी मालकाने प्रत्येक पायरी समोर बसून पाहावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

पूर्वकर्म :
अ) आपल्या नावे कोठून कोठून पत्रे जातात, याची यादी करावी. बिलिंगचे सॉफ्टवेअर, ऑनलाइन विक्रीची प्रणाली, भेटीची वेळ ठरविणारी सेवा, हिशेबनीसांचा संगणक, ऋतुचर्येची पत्रके पाठविणारी सेवा, असे पाच-सहा उगम सहज निघतात. आमच्याकडे एक जुनी सेवा दोन वर्षे बंद समजली जात होती. ती प्रत्यक्षात वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवीतच होती.
आ) डोमेनवर दोन पत्ते उघडावेत. एक सूचना पाठविण्यासाठी आणि दुसरा रुग्णांची उत्तरे घेण्यासाठी. दुसरा पत्ता रोज कोण उघडणार, त्या व्यक्तीचे नाव ठरवावे.
इ) डोमेन व ई-मेल यांच्या खात्यांना द्विस्तरीय पडताळणी लावावी. ही खाती चोरीस गेली तर पुढील सर्व प्रमाणे चोराच्याच उपयोगी पडतात.

प्रधानकर्म :
अ) सॉफ्टवेअरच्या 'सेटिंग्ज'मध्ये पाठविणाऱ्याचे डोमेन नोंदविण्याची जागा शोधावी. अनेक सेवांमध्ये ही सोय सशुल्क योजनेत असते. डोमेन नोंदविल्यावर सेवा दोन-तीन नोंदी तयार करून देते.
आ) त्या नोंदी डोमेनच्या डीएनएस पानावर जशाच्या तशा उतरवाव्यात. हाताने टंकन करू नये. एक अक्षर, एक बिंदू किंवा एक मोकळी जागा चुकली तरी मुद्रा जुळत नाही.
इ) नोंदी सर्वत्र पोहोचण्यास काही मिनिटांपासून दोन दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. त्यानंतर सॉफ्टवेअरमधील 'व्हेरिफाय' हे बटण दाबून खात्री करावी.
ई) पाठविणाऱ्याचे दिसणारे नाव पाटीवर आहे तेच लिहावे. मोबाइलवर पुष्कळदा पत्ता दिसत नाही, केवळ नाव दिसते. पाटीवर एक, बिलावर दुसरे व मेलवर तिसरे नाव असल्यास रुग्ण खरे पत्रही खोटे समजतो.
उ) 'रिप्लाय-टू' या जागी उत्तरे घेण्याचा पत्ता भरावा. आमच्या पहिल्या अनुभवातील दोष या एका रकान्याने दूर झाला असता.
ऊ) डीमार्कची नोंद 'नन' या सौम्य आज्ञेने सुरू करावी व अहवाल कोणत्या पत्त्यावर यावेत ते तीत लिहावे.

पश्चात्कर्म :
एक चाचणी-सूचना स्वतःच्या जीमेल खात्यावर पाठवावी. संगणकावर ते पत्र उघडून 'शो ओरिजिनल' हा पर्याय निवडला असता एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या तिघांपुढे निकाल दिसतो. तिन्ही ठिकाणी 'पास' हवे. त्यानंतर काही आठवडे डीमार्कचे अहवाल पाहावेत. यादीत राहून गेलेला एखादा उगम त्यात उघडा पडतो. सर्व उगमांना प्रामाण्य मिळाल्यावर 'क्वारंटाइन' व शेवटी 'रिजेक्ट' ही आज्ञा द्यावी. पहिल्याच दिवशी 'रिजेक्ट' लिहिणे म्हणजे स्नेहन-स्वेदनाशिवाय शोधन देण्यासारखे आहे. दोष निघण्याऐवजी आपलीच खरी पत्रे परत जाऊ लागतात. उलटपक्षी, वर्षानुवर्षे 'नन'वरच थांबणे म्हणजे पूर्वकर्म करून शोधन न देणे होय. खोट्या पत्रांना त्याने कसलाही अटकाव होत नाही.

नावाशेजारी आपले बोधचिन्ह दिसावे, अशी अनेकांची इच्छा असते. त्यासाठी 'बिमी' नावाची व्यवस्था आहे. तिला डीमार्कची कडक आज्ञा आधी लागते. जीमेलमध्ये चिन्ह दिसण्यासाठी त्याशिवाय एक प्रमाणपत्र लागते, जे नोंदणीकृत व्यापारचिन्हावर किंवा काही काळ जाहीरपणे वापरात असलेल्या चिन्हावर मिळते. याचा वार्षिक खर्च लहान औषधालयास जड जातो. चिन्ह नसले तरी पत्र पोहोचते. म्हणून हा खर्च शेवटी करावा.

मजकुराची रचना

लिपी : आपल्याकडील अनेक औषधालयांची लेबले व पत्रके जुन्या डीटीपी फाँटमध्ये टंकलेली आहेत. तो मजकूर तसाच ई-सूचनेत चिकटविला असता रुग्णाच्या पडद्यावर अर्थहीन इंग्रजी अक्षरे व चिन्हे उमटतात. सूचनेचा सर्व मजकूर युनिकोडमध्ये नव्याने टंकावा व मुद्रितशोधन करावे. मात्रेतील अंक विशेष काळजीने तपासावेत.

चित्रे : संपूर्ण सूचना एका सुंदर चित्राच्या रूपात पाठवू नये. पुष्कळ ठिकाणी चित्रे बंद ठेवलेली असतात. अशा रुग्णास कोरे पान दिसते. मजकूर अक्षरांत असावा व चिन्ह लहान असावे. ज्येष्ठ रुग्णांसाठी अक्षर मोठे ठेवावे.

विषय : विषयाच्या ओळीत औषधाचे नाव, व्याधीचे नाव अथवा विभागाचे नाव लिहू नये. मोबाइल बंद असतानाही ही ओळ पडद्यावर झळकते व शेजारी बसलेला मनुष्य ती वाचू शकतो. फलघृत, अर्शोघ्नी वटी ही नावे वैद्याप्रमाणेच घरातील जाणत्यांसही बरेच काही सांगून जातात. चरकसंहितेत विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात शिष्यास जो उपदेश केला आहे, त्यात रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर न सांगण्याचा निर्बंध आहे. आपल्या वतीने बोलणारे यंत्रही या निर्बंधाबाहेर नाही. सूचनेत औषधनामांची यादी देण्याऐवजी मागणीचा क्रमांक द्यावा. नावे पेटीतील बिलावर असतातच.

आमच्या औषधालयात आता वापरात असलेला नमुना असा :

विषय : मागणी क्रमांक ४१२ रवाना झाली आहे
सप्रेम नमस्कार,
आपण नोंदविलेली मागणी आज कुरिअरने रवाना केली आहे. साधारण तीन दिवसांत ती आपणांस मिळेल. पेटीवरील मुद्रा तुटलेली असल्यास ती स्वीकारू नये. मात्रा, काल, अनुपान व पथ्य पेटीतील चिठ्ठीवर लिहिले आहे. औषध घेतल्यावर काही त्रास जाणवल्यास औषध थांबवावे व या पत्रास उत्तर द्यावे किंवा चिकित्सालयात दूरध्वनी करावा. त्रास तीव्र असल्यास जवळच्या रुग्णालयात त्वरित जावे. आम्ही ई-मेलमधील दुव्यावरून पैसे मागत नाही.
आपले, (चिकित्सालयाचे नाव, पत्ता, दूरध्वनी व वेळ)

पुनर्खरेदीची आठवण : बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये 'आपले औषध संपत आले आहे, पुन्हा मागवा' अशी सूचना तयारच असते. व्यापाराच्या दृष्टीने ती सोयीची वाटते. परंतु व्याधीची अवस्था पालटली की औषध पालटते, हे आपण जाणतो. पहिल्या महिन्यात दिलेला कल्प तिसऱ्या महिन्यात द्यावयाचा नसेल, तर यंत्राने तो आपोआप पुन्हा का सुचवावा? वत्सनाभ, कुचला, पारद, हिंगुळ अशी 'ई-१' अनुसूचीतील द्रव्ये ज्यांत आहेत, त्या पोटात घेण्याच्या कल्पांच्या लेबलवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सावधानता छापावी लागते. अशा कल्पांसाठी पुनर्खरेदीची सूचना आम्ही पूर्णतः बंद केली असून तिच्या जागी 'आपल्या पुनःपरीक्षणाची वेळ झाली आहे' अशी सूचना ठेवली आहे. तसेच शार्ङ्गधरसंहितेत चूर्णाची वीर्यावधी दोन महिने व गुटिका-अवलेहाची एक वर्ष सांगितली आहे. लेबलवरील कायदेशीर मुदत निराळी असली तरी, उघडलेले चूर्ण किती दिवस वापरावे हे एका ओळीत कळविणे रुग्णास उपयुक्त ठरते. अशी ओळ व्याधीचे नाव न घेताही लिहिता येते.

सेवा-सूचना व प्रचारपत्र

हे दोन प्रकार एकत्र करू नयेत. पैसे मिळाले, औषध निघाले, बॅच परत मागविली, या सेवा-सूचना होत. वसंतातील वमन, वर्षाऋतूतील बस्ती व शरदातील विरेचन यांविषयीची माहितीपत्रके, सवलती व शिबिरांची निमंत्रणे ही प्रचारपत्रे होत. प्रचारपत्रासाठी रुग्णाची स्वतंत्र संमती घ्यावी व प्रत्येक पत्रात यादीतून नाव काढण्याची सोपी सोय ठेवावी. शक्य असल्यास दोहोंसाठी एकाच डोमेनचे दोन निरनिराळे उपविभाग वापरावेत. प्रचारपत्रास कंटाळून रुग्णांनी 'स्पॅम' असा शिक्का मारला, तर त्याचा डाग सेवा-सूचनांवर कमी पडतो. जीमेलच्या नियमानुसार मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठविणाऱ्यांविरुद्ध अशा तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांपर्यंत जाऊ देता येत नाही, म्हणजे हजारात तिघांनी शिक्का मारणे हीसुद्धा धोक्याची मर्यादा आहे.

एकाच पत्रात शंभर रुग्णांचे पत्ते 'टू' या रकान्यात भरून पाठविणे हा अक्षम्य दोष समजावा. त्यायोगे प्रत्येकास इतर नव्याण्णवांची ओळख पटते.

कायद्याचे भान

औषधी व जादूई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ मधील 'जाहिरात' या शब्दाची व्याख्या व्यापक आहे. सूचना, परिपत्रक, लेबल व वेष्टन हे सर्व तीत येते. त्याच्या अनुसूचीत मधुमेह, कर्करोग, स्थौल्य यांसह ५४ विकारांची नावे आहेत. या विकारांवर औषध बरे करते असा दावा जाहिरातीत करता येत नाही. रवानगीच्या सूचनेखाली तंत्रज्ञाने हौसेने जोडलेली 'मधुमेहावर रामबाण' ही ओळ मालकास अडचणीत आणू शकते. म्हणून प्रत्येक नमुन्याचा तळभागही वैद्याने स्वतः वाचावा.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ साली संमत झाला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य कर्तव्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत त्यात दिलेली आहे. माहिती कशासाठी घेतो ते सांगून संमती घेणे, ती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता येणे आणि माहिती फुटल्यास संबंधितांस कळविणे ही त्यातील प्रमुख सूत्रे आहेत. आम्ही आमच्या केसपेपरवर आता तीन प्रश्न वाढविले आहेत. ई-मेल पत्ता आपला एकट्याचा आहे काय? औषधाविषयीची सूचना त्यावर पाठवावी काय? ऋतुचर्येची पत्रके हवी आहेत काय? दुसऱ्या प्रश्नास 'नको' असे उत्तर देणाऱ्यांत भगिनींची संख्या लक्षणीय आहे. त्यांना आम्ही केवळ दूरध्वनीने, त्यांनी सांगितलेल्या वेळी कळवितो.

पथ्यापथ्य

पथ्य : स्वतःचे डोमेन, तिन्ही प्रमाणे, पाटीवरचेच नाव, उत्तर देण्याजोगा पत्ता, मोघम विषय, युनिकोड मजकूर, महिन्यातून एकदा चाचणी-सूचना, नोकरी सोडून गेलेल्या मदतनीसाचे प्रवेशाधिकार त्याच दिवशी बंद करणे.

अपथ्य : 'उत्तर देऊ नये' असा पत्ता; विषयात औषधनाम; केवळ चित्ररूप पत्र; एकाच रकान्यात सर्वांचे पत्ते; संमतीशिवाय प्रचार; दुसऱ्याच्या नावे नोंदलेले डोमेन; अहवाल न पाहता दिलेली 'रिजेक्ट' आज्ञा.

समारोप

वरील बदलांस आमच्या औषधालयात सुमारे तीन महिने लागले. त्यांतील बहुतेक काळ यादी करण्यात व अहवाल वाचण्यात गेला. प्रत्यक्ष तांत्रिक काम दोन दुपारींचे होते. त्यानंतर उत्तरांच्या पत्त्यावर रुग्णांची पत्रे नियमित येऊ लागली. बहुतेक साधी असतात : पेटी कधी येईल, अनुपानास मध नसेल तर काय घ्यावे. मधूनच एखादे 'औषध घेतल्यापासून मळमळते' असे असते, आणि त्याच दिवशी दूरध्वनी करून मात्रा बदलता येते.

वर उल्लेखिलेल्या भगिनी काही काळाने पुन्हा चिकित्सालयात आल्या. त्यांनी दोष दिला नाही. केसपेपरवरील ई-मेलचा रकाना मात्र त्यांनी रिकामाच ठेवला आणि आम्हीही तो भरण्याचा आग्रह धरला नाही. सुज्ञ वैद्यांनी व औषधालयचालकांनी आपल्या नावाने सध्या कोणती पत्रे जात आहेत, ती एकदा रुग्णाच्या जागी बसून वाचावीत, एवढीच विनंती.